टोटल लॉस गाडीचा सांगाडा

आच्छाड नाका ओलांडून आलेली गुजरात पासिंगची चकचकीत गाडी डहाणू-तलासरीत फारच स्वस्तात मिळत असेल, तर आधी विचारा: ही कधी ‘टोटल लॉस’ झाली होती का? दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी तसे ठरवते. मालकाला भरपाई मिळते, मोडकी गाडी विकली जाते आणि अशा काही गाड्या रंगरंगोटी होऊन परत रस्त्यावर येतात.

रंगाचे सोडा, सांगाडा पाहा. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा असाच घडवलेला असतो. तो ऊर्जा शोषतो, म्हणून आतला माणूस वाचतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. उच्च ताकदीचे पोलाद तापवून, ठोकून सरळ केले की त्याची ताकद घटते. महामार्ग ४८ वर चारोटीजवळ पुन्हा धडक बसली, तर ते ठरल्याप्रमाणे चुरगळेल याची खात्री उरत नाही.

एअरबॅगही एकदाच फुगते. चावी फिरवल्यावर तिचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर संशय घ्याच.

पुरात बुडालेली गाडी मी तरी कोणत्याही भावाला घेणार नाही. वायरिंगच्या जोडांतला गंज महिन्यांनी डोके वर काढतो.

जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल, तर कारण विचारा. चॅसिस नंबर आरसीशी जुळवा. मूळ आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत इसार देऊ नका.