पावसाने ओढ दिली की गाठीतल्या रायझोबियमचं काय होतं?

रायझोबियम शिकवताना मी दरवर्षी तेच सांगायचो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यात हे जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. फळ्यावर चित्र, खाली दोन ओळी, तास संपला. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, पावसाने ओढ दिली की त्या जिवाणूंचं काय होतं? आमच्या सोयाबीनला गाठीच नाहीत." बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळलं होतं का, तर हो. पाकीट पेरणीपर्यंत कुठे होतं, तर पत्र्याच्या शेडमध्ये.

तिला उत्तर द्यायला मला दोन दिवस वाचावं लागलं. तेच इथे मांडतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींच्या मागे बरंच काही दडलंय.

आधी पाकिटाचं बघू. काही जिवाणू परिस्थिती बिघडली की बीजाणू करतात, म्हणजे जाड कवचात स्वतःला बंद करून वर्षानुवर्षं पडून राहतात. रायझोबियमला ही सोय नाही. तो बीजाणू करत नाही. त्यामुळे ऊन, कोरडेपणा, खारट किंवा आम्लधर्मी माती हे सगळं त्याला उघड्यावरच सोसावं लागतं. तरी काही वाण तगतात, ते त्यांच्याकडच्या काही जनुकांमुळे. काही जनुकं उष्णतेने विस्कटलेली प्रथिनं पुन्हा नीट घडी घालणारी प्रथिनं बनवतात. काही पेशीभोवती चिकट थर तयार करतात, त्यात ओल धरून राहते. आणि काही ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतात. पावासाठी आपण कोरडं यीस्ट आणतो ना, कोमट पाण्यात टाकलं की जिवंत होणारं? त्याच्या पेशींनाही हीच साखर सांभाळते. पाणी निघून गेलं तरी पेशीचं आवरण आणि प्रथिनं ती मोडू देत नाही.

मेक्सिकोतल्या संशोधकांनी घेवड्याच्या रायझोबियममध्ये ट्रेहॅलोज बनवणाऱ्या जनुकाचं काम वाढवलं आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या जिवाणूंच्या झाडांना गाठी जास्त आल्या आणि पाणी तोडल्यावर ती झाडं जास्त चांगली सावरली. हे जनुक ज्या वाणात बंद पाडलं होतं, त्याच्या झाडांना गाठी कमी. बदल जिवाणूत केला, फायदा झाडाला. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

पण तगून राहणं ही अर्धीच गोष्ट. गाठ करणं आणि नायट्रोजन पकडणं ही कामं वेगळ्या जनुकांची. मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं मातीत सोडतात. ती ओळखली की जिवाणूची 'नॉड' जनुकं जागी होतात आणि एक उलटा निरोप पाठवतात. मूळकेस वाकतो, जिवाणू आत शिरतो, गाठ वाढू लागते. हा निरोप पिकागणिक वेगळा, म्हणून हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. गाठीत गेल्यावर 'निफ' जनुकं नायट्रोजिनेज हे विकर तयार करतात. या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, आणि जिवाणूला तर श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच! झाड त्यावर लेगहिमोग्लोबिन बनवून मार्ग काढतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा चुलतभाऊच. ते ऑक्सिजन मोजूनमापून पोचवतं. चालू गाठ आतून गुलाबी दिसते ती यामुळेच.

आता खरी गंमत. अनेक रायझोबियममध्ये ही नॉड आणि निफ जनुकं एकत्र, एका वेगळ्या गठ्ठ्यात असतात. काहींत तो गठ्ठा प्लाझ्मिडवर असतो, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर. काहींत मुख्य गुणसूत्रातच एका सलग तुकड्यात. तगून राहण्याची बरीचशी जनुकं मात्र उरलेल्या जीनोममध्ये. आणि हा गठ्ठा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो.

हे उघड झालं न्यूझीलंडमध्ये. तिथल्या एका शेतात लोटस नावाच्या चारापिकाला गाठी करणारे जिवाणू मुळात नव्हतेच, म्हणून बाहेरून एकच वाण आणून बियाण्याला लावला. सात वर्षांनी ओटॅगो विद्यापीठाचे जॉन सलिव्हन आणि क्लाइव्ह रॉन्सन यांनी गाठी तपासल्या, तर आत भलतेच जिवाणू! ते तिथल्याच मातीतले, आधी लोटसवर गाठ करू न शकणारे. बाहेरून आलेल्या वाणाने सुमारे 5 लाख अक्षरांचा डीएनएचा तुकडा त्यांना देऊन टाकला होता. स्थानिक जिवाणू त्या मातीत रुळलेले होतेच, त्यांना फक्त गाठीची किल्ली मिळाली.

ऐकायला छान वाटतं, पण पश्चिम ऑस्ट्रेलियात याची दुसरी बाजू दिसली. बिसेरुला या चारापिकासोबत चांगला वाण दिला होता. पाच-सहा वर्षांत स्थानिक जिवाणूंनी त्याचा गठ्ठा उचलला, गाठीही केल्या, पण त्यातले काही नायट्रोजन फारच कमी पकडत होते, काही तर अजिबात नाही. जागा अडवली, काम नाही. म्हणजे नुसत्या गाठी मोजून भागत नाही, आणि नुसता काटक वाण निवडूनही नाही.

मुलीच्या शेतात काय झालं असेल? तापलेल्या पत्र्याखाली पाकिटातले बरेचसे जिवाणू पेरणीआधीच मेले असावेत, असं मला वाटतं. त्यात पावसाचा खंड. सोयाबीनमध्ये माती सुकू लागली की पानं मान टाकायच्या आधीच गाठींचं काम मंदावतं, त्यामुळे बाहेरून पीक ठीक दिसतं आणि आत उपासमार सुरू झालेली असते. पालकांसाठी एवढंच: पाकीट त्याच पिकाचं आणि मुदतीतलं घ्या, सावलीत गार जागी ठेवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा.

वर्गासाठी प्रयोग सोपा आहे. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप उपटू नका, खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटलं तर गाठी मातीतच राहतात आणि मुलं म्हणतात "नाहीतच". ढेकूळ बादलीत भिजत घाला, माती आपोआप सुटते. मग गाठ नखाने फोडा. गुलाबी असेल तर काम चालू. पांढरट किंवा हिरवट असेल तर काम सुरू झालेलं नाही किंवा थांबलंय. आम्ही हे केलं तेव्हा त्या मुलीने घरच्या शेतातली तीन रोपं आणली होती. दोन कोरी. तिसऱ्याला चारच गाठी, त्यातली एक गुलाबी निघाली, आणि ती तिने वहीच्या कागदात गुंडाळून वडिलांना दाखवायला नेली.