हॉट रॉडच्या गिअरबॉक्सवरचं झाकण

१९३२ची फोर्ड आणि तिच्यात नंतरच्या काळातलं शेव्हरलेटचं व्ही-८ इंजिन, ही जुन्या गाड्यांत दमदार इंजिनं बसवणाऱ्या अमेरिकी हॉट रॉडवाल्यांची लाडकी जोडी. सोबतचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र मूळच्यापेक्षा अंगाने मोठा. मग तळाचा पत्रा कापून त्या जागी नवं झाकण घडवावं लागतं.

आधी पुठ्ठा कापून जागेवर बसवून पाहावा. त्यावरच्या चुका स्वस्तात निभावतात. मग त्या मापाने साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापायचा. गिअरबॉक्स पुढे रुंद, मागे निमुळता, म्हणून झाकणही तसंच. पत्रा जाड पाइपवर थोडाथोडा दाबत वाकवावा. घाई केली की घडी पडते आणि ती पुरती कधीच जात नाही. मोठा सपाट भाग गाडी चालताना थरथरतो. रोलरने त्यावर उठावाच्या रेषा काढल्या की ताठ होतो.

इंजिन रबरी आधारांवर हलतं, त्यामुळे आत सुमारे २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. झाकण कायमचं वेल्ड करू नये, असं माझं ठाम मत आहे. स्क्रूंनी बसवलं, तर दुरुस्तीसाठी वरूनही हात घालता येतो. कडेला रबरी पट्टी आणि उष्णतारोधक अस्तर हवंच, नाहीतर चालवणाऱ्याचे पाय भाजतात.