शहरात शिकणारे लेकरू अडचणीत आले तर कोणाकडे जावे?



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. ऊसनोंदीच्या निमित्ताने गटागटांतून हिंडताना उसाचे बोलणे संपले की पोरांच्या शिक्षणाचे बोलणे निघते. आपली मुले-मुली आज पुणे, कोल्हापूर, मुंबई येथील महाविद्यालयांतून शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांतले एखादे अडचणीत सापडले, तर कोठे जावे हे घरच्या मंडळींना ठाऊक नसते. मदत पुष्कळ आहे. ती वेळेवर मागितली पाहिजे, एवढेच.

अडचण ओळखावी कशी?

हुमणी जमिनीखाली मुळ्या खाते. वर पाने पिवळी दिसू लागतात तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. पोरांच्या अडचणीचेही तसेच आहे. "जेवलास का? पैसे पुरतात का?" एवढे आपण फोनवर विचारतो आणि "हो" ऐकून फोन ठेवतो. इकडे विषय राहिलेले असतात, मेसचे पैसे थकलेले असतात. "बापानं सोसायटीचं कर्ज काढून पैसे धाडले, आता कुठल्या तोंडानं सांगू," म्हणून पोरगं गप्प बसतं. सुट्टीला घरी येणे टाळणे, निकालाचा विषय निघाला की चिडणे, झोप व जेवण बिघडणे, वारंवार पैसे मागणे, ही लक्षणे दिसली तर रागावू नये. एक दिवस काढून समक्ष जावे आणि आधी ऐकून घ्यावे.

पैशाची अडचण

उसाच्या बिलाची आणि फीची तारीख जुळतेच असे नाही. अशा वेळी सावकाराकडे किंवा मोबाईलवरील झटपट कर्जाकडे वळू नये. प्रथम महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात जावे आणि फीचे हप्ते पाडून मिळावेत असा लेखी अर्ज द्यावा.

शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. अल्पभूधारकांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी स्वयम योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. प्रत्येक योजनेच्या अटी निराळ्या आहेत, त्या नीट वाचून घ्याव्यात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा आणि बँक खाते आधारशी जोडलेले ठेवावे. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेले की शिष्यवृत्ती बंद पडते.

विद्यापीठांतून 'कमवा आणि शिका' योजना चालतात. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करीत आली आहे.

काहींना अशी मदत घेणे कमीपणाचे वाटते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगे काढली, कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह उभे केले. त्या आधारावर बहुजनांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्यात लाज कसली?

कर्जवसुलीच्या नावाखाली कोणी फोटो पसरविण्याची धमकी देत असेल किंवा ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे व पोलिसांत तक्रार द्यावी.

रॅगिंग व अन्याय

रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९९ साली झाला. पालकसुद्धा प्राचार्यांकडे लेखी तक्रार करू शकतात. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत त्यांनी चौकशी केली पाहिजे, आणि तथ्य आढळल्यास दोषीस निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठविले पाहिजे. मूल घाबरलेले असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर दिवसरात्र तक्रार घेतली जाते.

प्रवेश, फी, निकाल, कागदपत्रे अडवून ठेवणे अशा बाबींसाठी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, असा आयोगाचा २०२३ चा नियम आहे. तेथे समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे पंधरा दिवसांत अपील करता येते. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कायद्याचा सल्ला हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. महिलांना ही कायदेशीर मदत उत्पन्नाची अट न घालता मोफत मिळते.

मनाचा भार

सर्वांत जास्त लपविले जाते ते हे. "येड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" असे म्हणून घरचेच अडवतात. ताप आला तर डॉक्टर गाठतो, मग मन आजारी पडले तर का थांबावे? महाविद्यालयात समुपदेशक आहे का, ते प्रवेश घेतानाच विचारावे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. शासनाची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. मुलाशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी पालकांनीही फोन करावा. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

"जगण्यात अर्थ नाही," असे पोर बोलू लागले तर ते थट्टेवारी नेऊ नये. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये. तातडीची वेळ आली तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून दवाखान्यात नेण्यास कोणी कचरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला शिक्षा करू नये, असेच ठरविले आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या खात्याच्या अखत्यारीतली आहे. कीटकनाशके व तणनाशके घरात माळ्यावर, कोनाड्यात उघडी ठेवू नयेत. कुलूपबंद ठेवावीत आणि किल्ली कर्त्या माणसाकडे असावी. रागाच्या किंवा निराशेच्या एका घटकेत हाताशी औषध नसले, तर तेवढ्याने जीव वाचतो. गरजेपुरतेच औषध न्यावे, उरलेले साठवून ठेवू नये.

शेवटी थोडेसे

एखादे वर्ष वाया गेले म्हणजे आयुष्य वाया गेले असे नाही. लागण साधली नाही तर पुढचा हंगाम धरता येतो. "नापास झालास तरी घरचं दार उघडं आहे," हे वाक्य पोराला परीक्षेच्या आधीच ऐकवून ठेवावे. हे पान कापून घरात फोनजवळ लावावे आणि ज्या शेजाऱ्याचे मूल बाहेरगावी शिकत आहे, त्यासही दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी