मुलाला शी होत नाही? रागावू नका, भीती घालवा

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. उत्तर कोलकात्यातील बागबाजारच्या एखाद्या जुन्या, एकत्र कुटुंबाच्या घरात धांदल उडालेली असते. शाळेची गाडी येण्याची वेळ झालेली, आणि अंगणाच्या कोपऱ्यातील एकुलत्या संडासापुढे माणसे ताटकळत उभी. तीन वर्षांचा धाकटा मात्र दारामागे जाऊन उभा राहतो. पायात पाय अडकवलेले, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद. आई म्हणते, ‘‘अरे, बस ना जरा नीट!’’ ठाकुमा, म्हणजे आजी, बोटे मोजून सांगते की आज तिसरा दिवस. बाबा घड्याळाकडे बघून ओरडतात. मूल रडू लागते. शी काही होत नाही.

हे चित्र बागबाजारचे असले तरी गिरगावच्या चाळीतील किंवा पुण्याच्या फ्लॅटमधील आईलाही ते ओळखीचे वाटेल. बंगाली माणूस आपल्या पोटाविषयी मोकळेपणाने बोलतो, अशी त्याची ख्याती आहे. २०१५ साली आलेल्या ‘पिकू’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी रंगवलेला, बद्धकोष्ठाने हैराण झालेला म्हातारा पाहून सारा देश हसला. पण तोच त्रास तीन वर्षांच्या मुलाला झाला की कोणी हसत नाही. घरचे रागावतात, ‘हट्टी झालाय’ म्हणतात आणि एरंडेलाची बाटली शोधू लागतात.

खरे तर बहुतेक मुलांच्या बाबतीत हा हट्ट नसतो. ती भीती असते.

भीतीने पोट साफ होत नाही

बागबाजार आणि भीती यांचा संबंध मराठी वाचकाला थोडा गमतीचा वाटेल. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी बागबाजारपासून एक मोठा खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवला गेला. ‘मराठा डिच लेन’ हे नाव मात्र बागबाजारात राहिले. आपल्या बारगिरांना तिकडे ‘बर्गी’ म्हणत. या बर्गींचे नाव बंगाली अंगाईगीतात आहे आणि ते ऐकत तिथली बाळे पिढ्यान् पिढ्या झोपत आली.

भीती दाखवून मूल झोपेल, एखादे वेळी जेवेलही. पण भीतीने शी होत नाही, उलट अडते. कसे, ते पाहू.

एखाद्या तापात किंवा प्रवासात मूल पाणी कमी पिते आणि शी घट्ट होते. ती बाहेर पडताना गुदद्वाराला बारीकशी चीर पडते, आग होते, कधी शीवर रक्ताची रेघ दिसते. मूल एवढेच शिकते, की शी केली की दुखते. पुढच्या वेळी कळ आली की ते बसण्याऐवजी उभे राहते, पाय आवळते, कोपऱ्यात लपते. मोठ्यांना वाटते, ते जोर लावते आहे. प्रत्यक्षात ते शी रोखून धरत असते. थोड्या वेळाने कळ निघून जाते. आत राहिलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, खडा आणखी कठीण आणि मोठा होतो. तो बाहेर पडताना आणखी दुखते. भीती खरी ठरते आणि चक्र सुरू होते.

हे चक्र सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळा आहेत: बाळाला वरचे अन्न सुरू करताना, लंगोट सुटून शी सांगायची सवय लावताना आणि शाळा सुरू होताना. शाळेतील संडास अंधारा, घाण किंवा कडी नसलेला असेल, तर मूल दुपारपर्यंत रोखून धरते.

चड्डी खराब होते, ती जुलाबाने नव्हे

काही दिवसांनी एक फसवे लक्षण दिसते. मूल चड्डीत थोडी थोडी पातळ शी करू लागते. आईला वाटते, जुलाब झाले. ती जुलाब थांबवण्याचे औषध देते आणि त्रास वाढतो. आतड्याच्या शेवटी मोठा खडा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. ताणलेल्या आतड्याला कळ जाणवतच नाही. त्यामुळे मुलाला हे कळतही नाही. अशा मुलाला ‘एवढा घोडा झालास’ म्हणून मारणे किंवा भावंडांसमोर लाजवणे हा शुद्ध अन्याय आहे.

उलट, प्रत्येक वेळी घाबरण्याचेही कारण नसते. केवळ अंगावर पिणारे, वजन नीट वाढणारे बाळ महिनाभराचे झाल्यावर काही वेळा पाच-सात दिवसही शी करत नाही. केलेली शी मऊ असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. काही तान्ही बाळे दहा मिनिटे कुंथतात, लाल होतात, रडतात आणि मग मऊ शी करतात. त्यांना अजून पोटाचा जोर आणि खालचा स्नायू यांचा मेळ साधता येत नसतो. तो आपोआप जमतो. दिवस मोजण्यापेक्षा शी मऊ आहे की खड्यांची, हे पाहावे.

घरगुती उपाय: काय टाळावे?

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाच्या गुदद्वारात घालण्याची रीत बंगालात आहे, तशी आपल्याकडेही आहे. कोणी साबणाची सळी वापरतात. यामुळे एखादे वेळी शी होतेही, पण तिथली नाजूक त्वचा सोलवटते, आणि जो भाग आधीच दुखतो, तिथेच मोठ्यांनी हात लावल्याने मुलाची भीती दुणावते. एरंडेल तेलाने पोटात मुरडा येतो आणि एकदा जोरात पोट साफ होते. आतली भीती आणि सवय मात्र तशीच राहते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध हे पूर्णान्न आहे या समजुतीपायी अनेक घरांत दोन-तीन वर्षांचे मूल दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पिते. पोट दुधानेच भरते, मग भाजी-भाकरीला जागा कुठे? वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दुधाची गरज नसते. जास्त दुधामुळे बद्धकोष्ठ तर होतेच, शिवाय रक्तातील लोहही कमी होते.

बाकी उपाय स्वयंपाकघरातच आहेत. बंगाली आजीच्या स्वयंपाकात पुई शाक म्हणजे मायाळू, लाल भोपळा, दोडका, पडवळ, केळफूल असा चोथा असलेला भाजीपाला भरपूर असतो. पण नातवाच्या ताटात येतो तो मऊ भात, उकडलेला बटाटा, मैद्याची लुची आणि बिस्किटे. आपल्याकडेही मोठे ज्वारीची भाकरी आणि मेथी खातात, आणि मुलाला मात्र नूडल्स मिळतात. मूल जे खाते त्यातच बदल करावा. वरणात पालक किंवा भोपळा शिजवून घालावा, सालीच्या मुगाची खिचडी करावी, पोळीसाठी कोंडा न चाळलेली कणीक घ्यावी. पपई, पेरू, संत्रे, भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर द्यावे. फळाचा रस काढण्यापेक्षा फळच द्यावे. पाणी मागण्याची वाट न पाहता अधूनमधून देत राहावे.

दहा मिनिटांची बैठक

जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. म्हणून न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर रोज ठरावीक वेळी मुलाला पाच ते दहा मिनिटे बसवावे. शी झालीच पाहिजे असा आग्रह धरू नये. बसल्याबद्दलच शाबासकी द्यावी. कॅलेंडरवर एक चांदणी काढली तरी मूल खूश होते. उकिडवे बसण्याची आपली भारतीय पद्धत यासाठी उत्तम. मात्र संडासाचे भोक मोठे असेल, तर मूल आत पडायला घाबरते. त्याला पॉट द्यावे. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल ठेवावे, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर लावता येतो. सकाळी घाई होत असेल, तर मुलाला अर्धा तास लवकर उठवावे किंवा संध्याकाळची वेळ ठरवावी.

संडास स्वच्छ आणि उजेडाचा असणे हेही औषधच आहे. १८९९ साली कोलकात्यात प्लेग पसरला, तेव्हा बागबाजारात राहणाऱ्या भगिनी निवेदिता स्वतः झाडू घेऊन गल्ली झाडायला उतरल्या. ते पाहून लाजलेले तरुण पुढे आले आणि त्यांनी झाडू हाती घेतला. शाळेतील संडासाविषयी पालकसभेत बोलायला लाजणाऱ्या पालकांनी हे आठवावे.

खडा अडकला असेल, तर मात्र केवळ पपईने भागत नाही. बालरोगतज्ज्ञ आधी साचलेला मळ काढण्यासाठी आणि मग शी रोज मऊ राहावी म्हणून औषध देतात. पाण्यात विरघळवायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध यासाठी वापरतात. बहुतेक पालक इथेच चुकतात. आठवड्यात शी होऊ लागली की ‘सवय लागेल’ या भीतीने औषध बंद करतात. या औषधांची आतड्याला सवय लागत नाही. ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला आणि मुलाच्या मनातील भीती पुसायला काही महिने लागतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावे.

इतर नेहमीची दुखणी

जुलाबाच्या बाबतीत कोलकात्याने जगाला एक मोठा धडा दिला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तेच हे ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ते कालवावे, चमच्याने थोडे थोडे पाजावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. अंगावरचे दूध व जेवण चालू ठेवावे. जस्ताचे औषध डॉक्टरांना विचारून चौदा दिवस द्यावे.

तापात पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे, ॲस्पिरीन कधीही देऊ नये. दात येताना मूल किरकिर करते, पण जोराचा ताप दातांमुळे येत नाही. साध्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविके लागत नाहीत. खोकल्याचे सिरप मनाने तर देऊच नये. २०२५ साली मध्य प्रदेशात विषारी रसायन असलेल्या सिरपमुळे लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत असे बजावले, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत असे सांगितले.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे?

- जन्मानंतर ४८ तासांत बाळाने पहिली काळी शी केली नसेल, किंवा पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठ असेल.
- पोट फुगले असेल आणि हिरवी उलटी होत असेल.
- वजन वाढत नसेल, किंवा पायांत जोर नसेल.
- शीतून बरेच रक्त जात असेल.
- जुलाबात डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल, मूल मलूल असेल.
- तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला असेल.

बाकी वेळी घाई नको. बागबाजारच्या त्या घरात उद्या सकाळी एवढे केले तरी पुरे: दारामागे उभ्या असलेल्या मुलाजवळ कोणीतरी जाऊन बसावे, त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि ‘दुखणार नाही असं औषध आणलंय, आपण दोघं मिळून बसू’ असे सांगावे. ते खरे करून दाखवायला काही महिने लागतील. शाळेची गाडी एखादा दिवस चुकली तरी चालेल.