काका, जरा मोठ्याने बोला ना!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची नेहमीच बोंब असते, तेवढं गोड मानून घ्या. विषय व्याकरणाचा नाही, आवाजाचा आहे.

झालं असं, की आमच्या वर्कशॉपमधले काका रिटायर होणार होते. निरोपसमारंभात दाखवायला एक छोटी फिल्म करायचं ठरलं. सुतारकामाच्या शॉपमध्ये काकांना बसवलं, दहा फुटांवर कॅमेरा लावला आणि काका आपल्या हळू आवाजात एकतीस वर्षांचं बोलले. रात्री हॉस्टेलवर क्लिप उघडली तर काय... काकांचे ओठ हलतायत आणि ऐकू येतोय पंखा! काका तोवर गावी गेले होते, थेट समारंभालाच येणार. हातात तीन दिवस.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच केला, व्हॉल्यूम वाढवला. डिजिटल आवाजात 0 डेसिबल हे छत, बाकी सगळं त्याच्याखाली, म्हणजे उणे. बोलण्यातले मोठे आवाज साधारण उणे 12 पर्यंत पोचले की बरं. काकांचे होते उणे 38. मी 26 डेसिबल चढवले, म्हणजे जवळजवळ वीसपट! पण पंखा उणे 58 वर होता, तोसुद्धा उणे 32 वर आला. दोघांमधलं अंतर 20 होतं, ते 20च राहिलं. इथे माझी ट्यूब पेटली. आपण म्हणतो आवाज कमी आलाय. खरं दुखणं असतं ते बोलणं आणि गोंगाट यांच्यातलं अंतर कमी असण्याचं, आणि ते शूटिंगच्या वेळीच ठरून जातं. मोकळ्या जागेत माइक दुप्पट लांब गेला की आवाज 6 डेसिबलने पडतो. खोलीत भिंतींमुळे हिशोब इतका चोख राहत नाही, पण दहा फूट ते दहा फूटच. काकांच्या खिशात कोणाचा तरी मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेवला असता, तरी भागलं असतं. पंखा बंद करणं तर फुकट होतं! (एक समाधान: उलटं होऊन आवाज छताला आपटून फाटला असता, तर तो भाग मुळात नोंदलाच गेला नसता. त्यापेक्षा हळू परवडलं.)

मग ऑडॅसिटी उघडलं, ते फुकट मिळतं. 80 हर्ट्झच्या खालची घरघर आधी कापली. काका बोलायला लागायच्या आधीचे दोन सेकंद नुसता पंखाच होता, तो नमुना म्हणून दिला आणि सांगितलं, हे कमी कर. हावरटपणाने 24 डेसिबल कमी केले तर काका डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटायला लागले! शेवटी 8 वर थांबले. थोडा पंखा राहू दे, शॉपमध्ये पंखा असतोच.

खरी गंमत पुढे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि काका वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतात. "पोरांनी जॉब बिघडवला तरी मी त्यांना हाकललं नाही," यातलं 'नाही' गायब! म्हणजे अर्थ बरोबर उलटा. यासाठी कम्प्रेसर. उणे 24 च्या वर जे जाईल, त्यातल्या दर 3 डेसिबलचा 1 करायचा. मोठे शब्द दबतात, मग सगळंच थोडं वर उचलता येतं. मात्र जास्त दाबलं की मधल्या शांततेत पंखा परत डोकं वर काढतो. म्हणून असे बुडणारे शब्द मी एकेक कापून हाताने 6 डेसिबल उचलले. रात्रभराची हमाली, पण खरा फरक तिनेच पडला. सगळ्यात शेवटी उणे 1 वर लिमिटर, म्हणजे काही फाटायला नको. आणि बासरीचं म्युझिक काका बोलताना खूपच खाली नेलं. ज्याने वाजवली होती तो अजून रुसलाय.

एक वाक्य मात्र काही केल्या सुटेना, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी रंधा मारत होतं. तिथे खाली अक्षरं टाकली. समारंभात काका चष्मा घरी विसरून आले होते, तेव्हा ते वाक्य काकूंनी त्यांच्या कानात वाचून दाखवलं.