नव्यानें बांधलेलें इंजिन : जपावें कीं जुंपावें ?

जुन्या मोटारीचें इंजिन उकलून पुन्हां बांधून घेतलें, कीं घरांतील वडीलधारी मंडळी एकमुखानें सांगतात, "आतां पहिले दोन महिने गाडी अगदीं हळू चालवा." हा उपदेश प्रेमाचा खरा, परंतु तो शब्दशः पाळल्यामुळेंच आमच्या गाडीचें इंजिन एकदां बिघडलें. तो अनुभव वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जालन्यास आमच्या घरीं एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारें या गाडीचें उत्पादन इ. स. 2000 च्या सुमारास थांबलें, आणि 2023 सालच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. अर्थात् हिचा प्रत्येक सुटा भाग आतां शोधून आणावा लागतो. तीन पिढ्यांनीं वापरलेली ही गाडी निळा धूर सोडूं लागली, तेव्हां सिलिंडर बोअर करून, नवे पिस्टन व रिंगा घालून इंजिन बांधून घेतलें. मिस्त्रींनीं काम चोख केलें होतें. पुढची चूक सर्वस्वी आमची.

आमच्या थोरल्या बंधूंनीं गाडी बाळंतिणीसारखी जपण्याचें ठरविलें. रोज सकाळीं अंगणांत अर्धा-पाऊण तास इंजिन नुसतें सुरू ठेवावयाचें, येणाऱ्याजाणाऱ्यास त्याचा मऊ आवाज ऐकवावयाचा, आणि संध्याकाळीं ताशीं तीस किलोमीटरच्या वेगानें गांवांतून एक फेरी मारावयाची. दोन महिने हा क्रम चालला. पुढें सहकुटुंब राजूरच्या गणपतीस निघालों, तों माणसांचा भार पडतांच मागें पुन्हां तोच निळा धूर ! मिस्त्रींनीं हेड उतरवून सिलिंडरची भिंत दाखविली. ती आरशासारखी चकाकत होती. आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. मिस्त्रींनीं मात्र कपाळावर हात मारला.

ही चकाकीच रोगाचें लक्षण होती. बोअर केल्यावर सिलिंडरच्या आंतल्या अंगास मुद्दाम तिरप्या, एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. यासच होनिंग म्हणतात. या रेघांत तेल टिकतें, आणि त्यांच्या सूक्ष्म कडा कानशीप्रमाणें काम करून रिंगा व भिंत यांचा मेळ बसवितात. परंतु रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणानें नव्हे. जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या मागें शिरून तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार नसेल, तर हा दाब अपुरा पडतो. रिंग तेलावर नुसती तरंगते, मागें राहिलेलें तेल जळून त्याचा कांचेसारखा थर भिंतीवर धरतो, आणि रेघा बुजून जातात. मग रिंगा बसत नाहींत व गाडी तेल खात राहते. उलट, पहिल्याच दिवशीं इंजिन भरधाव पळविलें, तर बेसुमार उष्णता होऊन पिस्टन व भिंत ओरखडतात. म्हणजे लाड आणि छळ, दोन्ही सारखेच घातक.

हें नुकसान केवळ पैशाचें नाहीं. तो थर घालविण्यास पुन्हां होनिंग करावें लागतें. तेवढ्यानें न भागल्यास पुन्हां बोअर. प्रत्येक खेपेस भिंतीचें जें लोखंड जातें, तें परत येत नाहीं. आमच्या सुदैवानें होनिंग व नव्या रिंगा यांवर निभावलें.

दुसऱ्या वेळीं चाक सूनबाईच्या हातीं दिलें. कारण मिस्त्रींच्या सूचना तिनेंच वहींत उतरून घेतल्या होत्या. प्रथम प्लग काढून इंजिन स्टार्टरनें फिरविलें व तेल सर्वत्र पोंचविलें. कॅमशाफ्ट व टॅपेट नवे असते, तर इंजिन सुरू होतांच पहिलीं वीस मिनिटें तें मिनिटास सुमारें 2000 फेऱ्यांवर ठेवावें लागलें असतें. आमचे ते जुनेच होते. इंजिन तापतांच गाडी राजूरच्या रस्त्यास लागली. तिसऱ्या गियरमध्यें तीसपासून पंचावन्नपर्यंत वेग दमदारपणें वाढवावयाचा, मग पाय काढून गाडी आपोआप तीसवर येऊं द्यावयाची, असें दहा वेळां केलें. पाय काढतांच सिलिंडरांतील दाब घटून थोडें तेल रिंगांकडे ओढलें जातें. तें झिजेचे कण धुऊन नेतें व उष्णताही कमी करतें.

जालन्याजवळून जाणारा समृद्धि महामार्ग बंधूंस मोहवीत होता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं खुला झाला आहे. परंतु एकाच वेगानें तासन् तास जाणें नव्या रिंगांस हितकर नसतें. म्हणून पहिले 500 किलोमीटर तो वर्ज्य केला. गाडींत माणसें कोंबणें आणि वरच्या गियरमध्यें इंजिन घरघरत ओढणें, हेंही टाळलें. तेल साधें खनिजच घातलें. सिंथेटिक तेल अधिक निसरडें, म्हणून रिंगा बसेपर्यंत पुष्कळ मिस्त्री तें वापरीत नाहींत. पहिलें तेल शंभर किलोमीटरांच्या आंतच काढलें. त्यांत धातूची बारीक चकाकी उन्हांत स्पष्ट दिसत होती. 500 किलोमीटरांस तें पुन्हां बदललें, आणि टॅपेटही तपासून घेतले.

कारखान्यांतून येणाऱ्या आजच्या गाड्यांच्या सिलिंडरांचें काम अधिक सफाईदार असतें. त्यांच्या मालकांनीं गाडीबरोबरच्या पुस्तिकेंतील सूचना पाळाव्या. नव्यानें बांधलेल्या जुन्या इंजिनाचें भवितव्य मात्र बहुतांशीं पहिल्या कांहीं तासांतच ठरतें.

हजार किलोमीटर झाल्यावर तेलाची पट्टी काढून पाहिली, तों पातळी जवळजवळ होती तेथेंच होती. मगच आम्ही सर्वजण राजूरास गेलों. वाटेंत बंधु तीन वेळां मान वळवून मागच्या कांचेंतून धूर पाहत होते. धूर नव्हता. घरीं परतल्यावर सवयीनें त्यांनीं इंजिन अंगणांत तसेंच चालू ठेविलें. तों सूनबाईनें कांहीं न बोलतां येऊन किल्ली फिरविली, आणि बंधु हंसले.