करारावाचून निघालेली ध्वनिमुद्रिका

घोटीच्या भातगिरण्यांपासून दूर नजर टाकली असता १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची जी रांग दिसते, तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख महादेव कोळी समाजाचा. आणि याच समाजातील, अभियांत्रिकी शिकलेली ‘माही जी’ ही तरुणी आदिवासींचे जल, जंगल, जमिनीचे गाऱ्हाणे ‘जंगलचा राजा’सारख्या रॅपमधून मांडते.

रॅप म्हणजे ठोक्यावर सुरावाचून फेकलेले यमकबद्ध बोलणे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी ज्या मेजवानीपासून हिप हॉपचा जन्म मानतात, तिचा घाट सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी घातला होता. कीर्ती मात्र तबकड्या वाजवणाऱ्या तिच्या भावाला, कूल हर्कला, लाभली. एकट्या रॅपर स्त्रीची पूर्ण लांबीची तबकडी म्हणून गाजलेली एमसी लाइटची ‘लाइट अ‍ॅज अ रॉक’ निघायला १९८८ उजाडले.

रॅपच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेमागे ध्वनिमुद्रण कंपनीचा करार नसतो, तसे कंपनीचे भांडवलही नसते. तयार ठोका भाडेपट्ट्याने घ्यायचा, खोलीत घुमणारा आवाज शोषला जावा म्हणून भिंतीला गोधड्या टांगायच्या, आणि एका श्वासात न मावणारी ओळ दोनदा मुद्रित करून सांधायची. मालकी हक्क अशा वेळी बहुधा कलावतीकडेच राहतो. पण प्रत्येक श्रवणामागे हाती पडणारी रक्कम पैशांतच मोजावी लागत असल्यामुळे खर्चाची भरपाई शेवटी रंगमंचावरच्या कार्यक्रमांतून करावी लागते.